मुंबईवर आघाडी येते का? २३ जानेवारी २०२२ ची धूळ आणि काही शंका

गच्चीवरून:

२३ जानेवारी २०२२ चा रविवार मुंबईकरांपैकी अनेकांच्या लक्षात असेल. आदल्या रात्री पावसाचे चार शिंतोडे पडून गेले होते. सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेलो, तर ओली दोरी हाताला पिठूळ लागली आणि खाली उभ्या असलेल्या गाड्यांवर कुणी रांगोळी चाळून टाकावी तसा पांढरट थर दिसला. दुपारी सूर्य होता, पण जुन्या पितळी ताटलीसारखा निस्तेज. जानेवारीत एरवी दुपारचा पारा तिशीच्या आसपास असतो. त्या दिवशी तो २४ अंशांच्या जवळपासच अडला. बातम्यांमध्ये ‘पाकिस्तानातून आलेले धुळीचे वादळ’ असे वर्णन झाले आणि विषय तिथेच संपला.

माझ्या मते तो तिथे संपायला नको होता, कारण त्या दिवशी आपल्यावरून गेलेली मुख्य गोष्ट धूळ नव्हती. धूळ ही केवळ तिची खूण होती. गेली ती शीत आघाडी, म्हणजे तिचे दक्षिणेकडचे विरत गेलेले शेपूट.

ज्यांचा शाळेतला भूगोल मागे पडला आहे त्यांच्यासाठी थोडी उजळणी करतो. हवा एखाद्या विस्तीर्ण आणि एकसारख्या प्रदेशावर काही दिवस रेंगाळली की त्या प्रदेशाचे गुण उचलते. लोणच्याच्या बरणीत कैरीची फोड राहावी आणि मिठाने-मसाल्याने आतपर्यंत मुरावी, तसे हे मुरणे असते. समुद्रावर मुरलेली हवा दमट, वाळवंटावर मुरलेली कोरडी, ध्रुवाकडची गार. शेकडो-हजारो किलोमीटर पसरलेल्या, तापमान आणि बाष्प यांबाबत साधारण एकजिनसी असलेल्या अशा हवेला वायुराशी म्हणतात. दोन भिन्न वायुराशी समोरासमोर आल्या तर त्या चटकन मिसळत नाहीत. थंड हवा जड असल्याने पाचरीसारखी खाली शिरते, ऊबदार हवा तिच्यावर चढते, आणि दोहोंमध्ये जो तिरका पट्टा तयार होतो त्याला आघाडी म्हणतात. थंड हवा चाल करून येत असेल तर ती शीत आघाडी आणि ऊबदार हवा पुढे सरकत असेल तर उष्ण आघाडी.

त्या आठवड्यात पश्चिमी प्रक्षोभ, म्हणजे भूमध्य समुद्राकडून इराण-अफगाणिस्तानमार्गे पूर्वेकडे सरकणारी हिवाळी प्रणाली, नेहमीपेक्षा बरीच दक्षिणेकडे पसरली होती. तिच्या मागच्या बाजूने वायव्येचे जोरदार वारे सुटले. त्यांनी बलुचिस्तान आणि सिंधच्या कोरड्या जमिनीवरची माती उचलली, शनिवारी कराचीला झोडपले, अरबी समुद्राचा कोपरा ओलांडला आणि सौराष्ट्रमार्गे ती माती आपल्या गच्चीवर आणून टाकली. कराची ते मुंबई हे सरळ अंतर सुमारे ८८० किलोमीटर आहे. वारा ताशी चाळीस किलोमीटरने वाहत राहिला तर हा प्रवास एका दिवसात होतो.

माझा मुद्दा एवढाच आहे की आघाड्या या फक्त युरोप-अमेरिकेच्या नकाशावरच्या निळ्या-तांबड्या रेघा आहेत, असे आपण पाठ्यपुस्तकातून मनाशी धरून बसलो आहोत, ते तपासून पाहायला हवे. जाणकारांनी लिहावे.

शंकासुर:

लेख वाचनीय आहे, पण पटला नाही. मुंबईचा पारा उतरला तो धुळीने आणि ढगांनी ऊन अडवले म्हणून, असे सरळ स्पष्टीकरण उपलब्ध असताना आघाडी कशाला आणायची? दुसरे असे की आघाडी म्हटली की एका बाजूला गरम आणि दुसऱ्या बाजूला गार असा लख्ख फरक हवा. मी त्या दिवशी डोंबिवलीत होतो. पहाटेच्या तापमानात मला तरी आदल्या दिवसापेक्षा काही खास फरक जाणवला नाही. आघाडी म्हटले की आमच्या डोळ्यांसमोर सरकारच येते हा भाग वेगळा. तिथेही कोण कुठल्या बाजूला आहे हे कधी स्पष्ट नसतेच.

गच्चीवरून:

शंकासुर, ऊन अडल्याचा वाटा मी नाकारत नाही; दुपारच्या कमाल तापमानात तो मोठाच असणार. पहाटेचे तापमान लगेच उतरले नाही हेही खरे, कारण ढग आणि धूळ रात्री जमिनीची उष्णता धरून ठेवतात. आकाश निवळल्यावर मात्र पुढचे काही दिवस राज्यभर कडाक्याची थंडी पडली. धुळीने केवळ ऊन अडवले असते, तर धूळ बसताच पारा पूर्ववत व्हायला हवा होता. तो आणखी घसरला, याचा अर्थ मागून येणारी हवाच वेगळी होती.

आपली खरी चूक अशी होते की आपण आघाडी थर्मामीटरमध्ये शोधतो. मुंबईत ती शोधायची असेल तर दवबिंदू पाहावा. हवा किती अंशांपर्यंत गार केली म्हणजे तिच्यातल्या बाष्पाचे दव होऊ लागेल, तो अंश म्हणजे दवबिंदू. उन्हाने, सावलीने किंवा रात्र झाल्याने तापमान तासातासाला बदलते, पण त्याच वायुराशीत असाल तर दवबिंदू फारसा हलत नाही. तो अचानक सात-आठ अंशांनी कोसळला आणि त्याच सुमारास वारा फिरला, तर हवा बदलली असे खुशाल समजावे. माझ्याकडे साधे ओल्या-कोरड्या फडक्याचे दोन थर्मामीटर आहेत. एकाच्या फुग्याला मलमलीची चिंधी गुंडाळलेली असते आणि तिचे टोक पाण्याच्या वाटीत सोडलेले असते. दमट हवेत दोन्ही पारे एकमेकांना चिकटून चालतात आणि कोरडी हवा आली की ओल्या फडक्याचा पारा खाली सुटतो. ही फारकत कोणतेही अॅप न उघडता दिसते.

जाता जाता एक गैरसमज दूर करतो. आपल्याकडची प्रत्येक थंडी ‘सायबेरियाची’ म्हणून खपवली जाते. सायबेरियातली खरी गोठलेली, जड हवा जमिनीलगत असते आणि तिच्यासमोर हिमालय उभा आहे. आपल्याला मिळते ती बहुतांशी इराण-अफगाणिस्तानकडून, प्रक्षोभाच्या पाठीमागून वायव्य भारतात उतरलेली हवा. तीसुद्धा राजस्थान आणि माळवा ओलांडताना तापत येते, म्हणून पंजाबात बोचणारी थंडी ठाण्यात पोहोचेपर्यंत गुलाबी झालेली असते.

ओक्लाहोमावासी:

मी मूळचा सातारचा, गेली अनेक वर्षे अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यात आहे. हिमालयाचा उल्लेख वाचून लिहावेसे वाटले, कारण इथे नेमका तोच नाही. कॅनडापासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत मध्ये एकही आडवा डोंगर नाही. उत्तरेची गोठलेली हवा आणि आखाताची घामट हवा एकमेकींवर थेट आदळतात.

शीत आघाडी कशी असते ते पहिल्या वर्षी नोव्हेंबरात अनुभवले. दुपारी अर्ध्या बाह्यांचा सदरा घालून अंगणात पाने गोळा करत होतो. दक्षिणेचा वारा होता, हवेला जवळजवळ कोकणातला चिकटपणा होता. उत्तरेच्या क्षितिजावर गडद निळा-करडा पट्टा दिसत होता, शाईचा हात पुसावा तसा. मग वारा थांबला. दोनेक मिनिटे एक पानही हलले नाही, आणि त्यानंतर उत्तरेकडून जो झोत आला त्याने गोळा केलेली पाने शेजारच्या कुंपणापलीकडे नेली. मी आत जाऊन स्वेटर घालून बाहेर येईपर्यंत स्वेटरही अपुरा ठरला होता. पाऊस आला तो त्यानंतर, पाऊण तास धोधो पडला आणि रात्री आकाश काचेसारखे स्वच्छ झाले.

इथले जुने लोक ११ नोव्हेंबर १९११ चे उदाहरण देतात. त्या एका दिवसात ओक्लाहोमा सिटीत दुपारी २८ अंश सेल्सियस आणि मध्यरात्रीपूर्वी उणे ८ अंश अशी नोंद झाली, आणि त्या तारखेचे उच्चांक व नीचांक हे दोन्ही विक्रम अजून तेच आहेत. शंकासुर म्हणतात तसा लख्ख फरक तो हा.

तरीही गच्चीवरून यांचा दवबिंदूचा मुद्दा मला इथल्याच दुसऱ्या एका अनुभवामुळे पटतो. वसंत ऋतूत आमच्या पश्चिमेला एक सीमारेषा तयार होते, जिच्या एका बाजूला आखाताची दमट हवा आणि दुसऱ्या बाजूला न्यू मेक्सिकोच्या पठारावरची कोरडी हवा असते. दुपारी कोरडी बाजू उलट अधिक गरम असते, त्यामुळे तापमानाच्या हिशेबाने तिला शीत आघाडी म्हणताच येत नाही. इथले लोक तिला नुसती ‘कोरडी रेषा’ म्हणतात. आमची सर्वांत भयंकर वादळे बहुतेक वेळा त्याच रेषेच्या पूर्वेला उठतात.

भूगोलबाई:

चर्चा चांगली चालली आहे. मी तीस वर्षे भूगोल शिकवला, आणि फळ्यावर आघाड्यांच्या आकृत्या काढताना दरवर्षी मुले एकच प्रश्न विचारत: ‘बाई, हे आपल्याकडे का दिसत नाही?’ त्याचे उत्तर त्या वेळी मी नीट देत नसे, म्हणून इथे देते.

आधी शब्दाबद्दल. शंकासुरांनी राजकारणाची आठवण काढली, पण हा शब्द रणांगणावरूनच आला आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात नॉर्वे तटस्थ होता, पण समुद्रावरून आणि ब्रिटनकडून येणारे हवामानाचे संदेश बंद झाले होते. १९१७ मध्ये हवामानशास्त्रज्ञ विल्हेल्म ब्यर्कनेस जर्मनीतल्या लाइपझिगहून नॉर्वेतल्या बर्गेनला आले आणि त्यांनी पुढच्या वर्षी पश्चिम नॉर्वेच्या किनाऱ्यावर निरीक्षण केंद्रांचे दाट जाळे विणले. बाहेरची माहिती तुटली म्हणून घरची माहिती इतकी बारकाईने गोळा झाली की नकाशावर पूर्वी न दिसलेल्या रेषा दिसू लागल्या. विल्हेल्म यांचा मुलगा याकोब याने १९१९ मध्ये, वयाची बावीस वर्षेही पूर्ण झालेली नसताना, फिरत्या आवर्तांच्या, म्हणजे कमी दाबाभोवती फिरणाऱ्या वाऱ्यांच्या प्रणालींच्या, रचनेवर अवघ्या काही पानांचा निबंध लिहिला. दोन हवांच्या झुंजीच्या त्या रेषेला युद्धाच्या बातम्यांतलाच ‘फ्रंट’ हा शब्द मिळाला. मराठी पुस्तकांनी त्याची ‘आघाडी’ केली, आणि हा अनुवाद मला आजही नेमका वाटतो.

आता मुलांचा प्रश्न. आघाडी भिंतीसारखी उभी नसते, फार उताणी असते. उष्ण आघाडीचा उतार साधारण दोनशेला एक असतो, म्हणजे जमिनीवरच्या रेषेपासून थंड हवेच्या बाजूला दोनशे किलोमीटर गेल्यावर सीमा डोक्यावर एक किलोमीटर उंच भेटते. शीत आघाडी अधिक चढी असते, पन्नास ते शंभराला एक. प्रश्न असा पडायला हवा की जड थंड हवा सांडलेल्या पाकासारखी सपाट पसरून का जात नाही, पाचर होऊन तिरकी का टिकते? तिला पृथ्वीच्या परिवलनाचा टेकू असतो. ऑस्ट्रियाचे हवामानशास्त्रज्ञ माक्स मार्गुलेस यांनी १९०६ मध्ये हा हिशेब मांडला: परिवलनाचा परिणाम जितका अधिक आणि दोन्ही बाजूंच्या वाऱ्यांतला फरक जितका मोठा, तितका उतार चढा, तापमानातला फरक जितका मोठा, तितका उतार सपाट. परिवलनाचा हा परिणाम ध्रुवाकडे वाढतो आणि विषुववृत्तावर शून्य होतो. बर्गेनला तो जितका आहे त्याच्या जेमतेम ३८ टक्के मुंबईला मिळतो. टेकू दुबळा झाला की थंड हवा पसरते, पातळ होते, खालच्या जमिनीने तापते, आणि आघाडी हळूहळू विरून जाते. त्यामुळे ‘शेपूट’ हा शब्द धागाकर्त्यांनी योग्य वापरला आहे. मुंबईवर आघाडी येते, पण बर्गेनच्या आकृतीतली नव्हे. तिची झिजलेली कडा येते.

आणखी एक. उष्ण आघाडी येण्याच्या अर्धा-पाऊण दिवस आधी आकाशात अगदी उंचावर हिमकणांचे पातळ ढग पसरतात आणि चंद्राला खळे पडते. मग ढग खाली उतरत जातात आणि संथ झड लागते. ‘खळे पडले, पाऊस येणार’ हे आमच्या आजीचे वाक्य तिकडच्या हवेत पुष्कळदा खरे ठरते. इथे खळे पडण्यामागे आघाडीच असेल असे नाही. दूरच्या गडगडाटी ढगांचा वर पसरलेला पिसाराही त्याला पुरतो.

शंकासुर:

बाई, आता एक शेवटची शंका. समुद्रावरची दमट हवा जूनमध्ये येऊन कोरड्या तापलेल्या हवेला हटवते. तुमच्या व्याख्येप्रमाणे मग मोसमी पाऊस हीच जगातली सर्वांत मोठी आघाडी नाही का?

भूगोलबाई:

असे मानले जात होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आघाडीची कल्पना इतकी यशस्वी ठरली की उष्ण कटिबंधातही ‘आंतरउष्णकटिबंधीय आघाडी’ आखली जाई. पुढे निरीक्षणे वाढली तेव्हा दिसले की तिथे दोन्हीकडच्या हवेच्या तापमानात फारसा फरक नसतो. ती झुंजीची रेषा नसून दोन गोलार्धांचे वारे एकत्र येऊन वर चढण्याचा पट्टा आहे, म्हणून नाव बदलून अभिसरण पट्टा झाले. मोसमी पावसाला ऊर्जा मिळते ती प्रामुख्याने बाष्पाचे पाणी होताना सुटणाऱ्या उष्णतेतून. युरोपातल्या आवर्ताला ती मिळते गार-गरम हवेच्या शेजारातून. इंजिन वेगळे असताना केवळ धूर सारखा दिसतो म्हणून गाडी एकच म्हणू नये.

सीमारेषा मात्र आपल्याकडे आहे, आणि ती ओक्लाहोमावासींच्या कोरड्या रेषेची चुलत बहीण शोभेल. मार्च ते मे या काळात हवामान खात्याच्या पत्रकात ‘विदर्भापासून दक्षिणेकडे वाऱ्याची खंडितता’ असे शब्द येतात आणि वर्तमानपत्रे ते तसेच छापतात. त्याचा साधा अर्थ असा की त्या रेषेच्या पश्चिमेला वायव्येची कोरडी हवा आणि पूर्वेला बंगालच्या उपसागराकडून आलेली दमट हवा असते. वळीव बहुतेक तिच्या आसपासच कोसळतो.

बालाघाटकर:

बाईंच्या खुलाशात एक बाजू राहिली, ती आम्ही भोगलेली आहे म्हणून लिहितो. फेब्रुवारी २०१४ च्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ, सोलापूर या भागांत गारपीट झाली. ती एक-दोन दिवसांत आटोपली नाही, पुन्हा पुन्हा येत राहिली. ज्वारी काढणीला आली होती, हरभरा मळायचा होता. आमच्या रानात गारांचा खच पडला तेव्हा बांधावरच्या लिंबाला एक पान उरले नव्हते आणि त्या पानांचा कडू वास चार दिवस येत होता. वडील म्हणाले, मार्चात इतके बर्फ येते कुठून?

त्याचे उत्तर मला फार उशिरा कळले. जमिनीवर तेव्हा थंडीची लाट नव्हती, आघाडीची रेघही नव्हती. खाली दोन्ही समुद्रांकडून आलेली दमट, ऊबदार हवा होती आणि वर, पाच-सहा किलोमीटरांवर, पश्चिमी प्रक्षोभाची थंड हवा नेहमीच्या मर्यादेपेक्षा दक्षिणेला उतरली होती. आमच्या भागात त्या दिवसांत शून्य अंशाची पातळी एरवी चार-साडेचार किलोमीटरांवर असते. वरची हवा अधिक गार झाली की ती पातळी खाली येते, खालची हवा बुचासारखी वर उसळते, आणि गार वितळायला पुरेशी उंचीच उरत नाही. दमट हवा मुळात कोरड्या हवेपेक्षा हलकी असते हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते, पण पाण्याचा रेणू हवेतल्या इतर रेणूंच्या सरासरीहून हलकाच आहे. त्यामुळे उसळायला आणखी मदत होते.

म्हणून माझे म्हणणे असे की आमची आघाडी आडवी असते, डोक्यावर पसरलेली. ती ना थर्मामीटरमध्ये दिसते ना गच्चीवरच्या फडक्यात. तिच्यासाठी वर फुगा सोडून घेतलेल्या नोंदीच पाहाव्या लागतात.

गच्चीवरून:

बालाघाटकर, मान्य. माझ्या दोन थर्मामीटरांची मर्यादा तुम्ही अचूक दाखवलीत. शास्त्राच्या काटेकोर भाषेत वरच्या त्या थंड हवेला आघाडी न म्हणता पश्चिमी वाऱ्यांतला द्रोण, म्हणजे कमी दाबाचा लांबट पट्टा, म्हणतील, पण दोन वेगळ्या हवांची गाठ पडली हा गाभा तोच राहतो. डिसेंबर २०२१ च्या पहिल्या दोन दिवसांतही असेच झाले होते: अरबी समुद्रातले बाष्प आणि पश्चिमेकडून आलेला द्रोण एकत्र आले, ऐन डिसेंबरात मुंबई-पुण्यात दिवसभर झड लागली, आणि जुन्नर-आंबेगावच्या माळावर उघड्यावर बसलेल्या मेंढ्या गारठून मेल्या.

निफाडचा_बागायतदार:

धागा पहिल्यापासून वाचला. तुमच्या या चर्चेला आमच्याकडे रोकडा अर्थ आहे, म्हणून लिहितो.

द्राक्षबागेला प्रक्षोभ दोनदा मारतो. तो येत असताना ढग दाटतात, हवा दमट होते, पाने रात्रभर ओली राहतात आणि डावणी हा बुरशीचा रोग शिरतो. त्या वेळी आम्ही फवारणीचा पंप खांद्यावरून उतरवत नाही. तो पुढे सरकला की आकाश निरभ्र होते, उत्तरेचा कोरडा वारा सुटतो, सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि खरी भीती तेव्हाच सुरू होते. कोरड्या हवेत जमीन रात्री भराभर उष्णता सोडते. वारा पडला तर गार हवा गोदाकाठच्या सखल भागात साचते. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस आमच्याकडे पारा २ अंशांच्याही खाली गेला होता. मण्यात पाणी उतरायच्या दिवसांत अशी थंडी आली की मणी तडकतो, आणि तडकलेल्या घडाला व्यापारी हात लावत नाही.

शंकासुर पहाटेच्या तापमानाबद्दल बोलले. आमचा अनुभव असा की पारा पहिल्या रात्री उतरत नाही, दुसऱ्या किंवा तिसऱ्या रात्री उतरतो, म्हणून आकाश निवळलेल्या दिवशीच तयारीला लागावे. धागा वाचल्यावर मीही परवा घरातल्या दोन थर्मामीटरांपैकी एकाला ओली चिंधी बांधली. काल दुपारपर्यंत दोन्हींत तीन अंशांचा फरक होता. आज दुपारी चारला तो नऊ झाला आणि पडवीतला झेंडा, जो दोन दिवस आग्नेयेच्या वाऱ्याने घराकडे फडफडत होता, तो आता गोदावरीकडे तोंड करून ताठ उभा आहे.

आत्ता रात्रीचे साडेनऊ झाले आहेत. वारा मंदावू लागला आहे, आकाशात एक ढग नाही. बांधावर पाचट आणि ओली लाकडे रचून ठेवली आहेत, धूर बागेवर रेंगाळावा म्हणून. पहाटे तीनला ठिबक सुरू करायचे आहे, कारण विहिरीचे पाणी हवेपेक्षा ऊबदार असते. बाकीच्या शंका उद्या विचारतो.